पडद्याच्या पाठीमागची खिडकी

बेल्को गावाला सव्वाशे वर्षं पूर्ण होतायत म्हणून गावाने पुस्तक काढायचं ठरवलंय, आणि 'मेडोलार्क' या मोटारीत बसून सिनेमा बघायच्या ड्राइव्ह-इनवरची दोन पानं पुस्तकाचं काम बघणाऱ्या जनीन टीगने माझ्या गळ्यात घातली. गोड लिही म्हणाली. लोकांना जुनं आठवून बरं वाटलं पाहिजे, म्हणाली. मग तिने मला जागेवर लावायच्या फलकाचा मजकूर दाखवला: '२९ मे १९७१ रोजी कोणत्याही पूर्वसूचनेविना चक्रीवादळ कोसळले. मालक एमिल व्होंड्रा यांच्या प्रसंगावधानामुळे एकही बळी गेला नाही.' फलक उघडल्यावर जुन्या साठ मोटारी एक मिनिट एकदम हॉर्न वाजवणार आहेत. माझ्या आईच्या मानासाठी.

माझी आई ओटिली, गावाची टिली, एक्याण्णव वर्षांची आहे. त्या जागेपासून पाव मैलावरच्या वृद्धाश्रमात असते. डोळे गेलेत, कान शाबूत आहेत. हॉर्न तिला ऐकू जाणार. म्हणून गोड लिहिणं मला जमणार नाही.

बाबांनी, म्हणजे फलकावरच्या एमिल व्होंड्रांनी, मेडोलार्क बांधलं त्रेपन्न साली. बारा एकर मक्याचं रान सपाट केलं, त्यावर खडीचे उंचवटे काढले, म्हणजे मोटारीची पुढची चाकं वर चढतात आणि काचेतून पडदा नीट दिसतो. प्रत्येक जागेला एक खांब, खांबावर दोन स्पीकर, तारेने लटकवलेले. ते काढून खिडकीच्या काचेला अडकवायचे. रानाच्या मधोमध सिमेंटच्या ठोकळ्यांची बसकी इमारत, अर्ध्या भागात पॉपकॉर्न आणि सॉसेजचं दुकान, अर्ध्या भागात प्रोजेक्टरची खोली. आणि पश्चिमेला पडदा. पडदा पश्चिमेलाच लागतो, कारण मावळता सूर्य त्याच्या पाठीमागे गेला पाहिजे, पांढऱ्यावर पडता कामा नये.

तो पडदा म्हणजे साठ फूट उंचीची लाकडी भिंत होती, आणि आम्ही त्या भिंतीत राहायचो. वेगळं घर बांधण्यापेक्षा पडद्याच्या पोटात खोल्या काढणं सोपं, असा बाबांचा हिशेब. खाली स्वयंपाकघर, वर आईबाबांची खोली, त्याच्यावर माझी. पडदा पुढे झुकलेला असल्यामुळे आतली एक भिंत तिरकी. तिला कपाट टेकत नसे, चित्र टांगलं तर ते अधांतरी लोंबे. खिडक्या फक्त पाठीमागे, पश्चिमेला. पुढून खिडकी काढली तर नटीच्या गालाला भोक पडलं असतं.

वारा सुटला की ती भिंत घुमायची. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखी. खिळे करकरायचे, कपबशा आपोआप सरकायच्या. माझा जन्म तिथलाच, मला ते अंगाईसारखं. आईला नाही. आई वादळांच्या दिवसांत, मे-जूनमध्ये, अंगावरचे कपडे न बदलता झोपायची आणि उशाशी बूट ठेवायची. वारा सुटल्यावर ती खिडकीशी उभी राही. बाबा हसायचे. गावही हसायचं. टिली घाबरट आहे, हे बेल्कोत पाण्याच्या टाकीएवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

सहासष्ट साली एका शनिवारी तिला पाठीमागे काळा ढग गोल फिरताना दिसला. ती खाली आली आणि मोटारीमोटारीच्या काचेवर टकटक करत सुटली. निघा, घरी जा, तळघरात बसा. नव्वद मोटारी गेल्या. अर्ध्या तासाने आभाळात चांदण्या. बाबांना सगळ्यांना पुन्हा फुकट तिकिटं द्यावी लागली.

त्या दिवसापासून आईच्या मागे हॉर्न लागला. ड्राइव्ह-इनवर हॉर्नला भाषा असते, आमच्याकडे सगळ्यांना येते. चित्र धूसर झालं की एक छोटा. रीळ तुटलं की सगळे मिळून. सिनेमा आवडला तर शेवटी टाळ्यांऐवजी हॉर्नच. आता त्यात आणखी एक भर पडली: तीन लांब भोंगे म्हणजे टिली. सुरुवात केली हार्लन टीगने, जनीनच्या बापाने. बियाणं विकायचा, तोंडाने फटकळ, मनाने वाईट नव्हता. आई रस्ता ओलांडताना दिसली की तो तीन भोंगे द्यायचा. आई दचकायची, हातातली पिशवी छातीशी धरायची. "काय टिली, ढग आला का?" असं तो काच खाली करून विचारायचा. पाच वर्षं. मुलंसुद्धा सायकलच्या घंटीने तीनदा वाजवायला शिकली. मी शाळेत असताना हसले आहे त्यावर. तेही लिहिते.

एकाहत्तर साली आई अडतीस वर्षांची होती आणि सातवा महिना होता. आधीची दोन बाळं पोटात टिकली नव्हती. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं होतं. तिची खाट वरच्या खोलीत, खिडकीशी.

मी सतरा वर्षांची आणि प्रोजेक्टर माझ्याकडे. दोन यंत्रं, वीस मिनिटांची रिळं, कार्बनच्या कांड्या ज्यांच्या टोकांमध्ये उजेड पेटतो. दर गुरुवारी अंधार पडल्यावर आई आणि मी पडद्यावरचा उजेड जुळवायचो. मी यंत्रापाशी, ती पडद्याखाली. तीनशे फुटांवरून ओरडून ऐकू येत नाही, म्हणून हाताच्या खुणा. उजवा हात वर म्हणजे उजवीकडे कमी पडतोय. डावा वर म्हणजे डावीकडे. दोन्ही हात छातीवर आडवे म्हणजे झडप टाक, बंद कर. बाबांना त्या खुणा येत नव्हत्या, त्यांनी कधी शिकून घेतल्या नाहीत.

सरकारने उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायला लावल्यापासून बाबा चिडलेले असायचे. मेच्या अखेरीला नऊ वाजेपर्यंत उजेड, सिनेमा सव्वानऊला, तोवर अर्धी मुलं पेंगलेली आणि शेतकरी जांभया देत परतीच्या वाटेला. अंधारासाठी तो माणूस तहानलेला असायचा. त्या शनिवारी सातलाच पश्चिमेकडून झाकोळ यायला लागला. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातला माणूस आभाळाकडे बघून दार लावतो. माझ्या बापाला आनंद झाला. दुकानाच्या दारात उभं राहून तो म्हणाला, "बघ आर्लिस, आज देवानेच दिवा लवकर मालवला. पावणेआठला सुरू करू."

सकाळपासून रेडिओवर वादळाचा इशारा चालू होता. मेमध्ये तो एक दिवसाआड असतोच. आई ऐकत बसते म्हणून बाबांनी रेडिओ खाली आणून दुकानात ठेवला होता आणि दुकानात तो बंद होता.

दोनशे बारा मोटारी होत्या. पडद्याखालच्या झोपाळ्यांवर आणि घसरगुंडीवर मुलं झोपायच्या कपड्यांत खेळत होती, तशी पद्धतच होती आमची, म्हणजे घरी नेऊन उचलून गादीवर टाकता येतं. सगळ्या मोटारींची तोंडं पश्चिमेकडे. येणाऱ्या ढगाकडेच सगळे तोंड करून बसले होते, पण मध्ये साठ फूट उंच आणि शंभर फूट रुंद पडदा, आणि त्यावर डोळे दिपवणारा उजेड. पाठीमागे काय आहे ते बघणारं त्या अख्ख्या रानात एकच माणूस होतं. ते वरच्या खाटेवर पडलं होतं, आणि त्याच्यावर कुणाचा विश्वास नव्हता.

पहिलं रीळ अर्ध्यावर आलं तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी वेगळं दिसलं. प्रोजेक्टरच्या झोतात नेहमी धूळ तरंगते, आळसावल्यासारखी. त्या संध्याकाळी ती तरंगत नव्हती. ती सगळी एका दिशेने, पडद्याकडे धावत होती. मी बाहेर बघितलं. पॉपकॉर्नच्या पिशव्या, कागदी पेले, खडीवरून पडद्याकडेच गडगडत चालले होते. आमच्याकडे वारा पश्चिमेकडून येतो. त्या दिवशी तो पश्चिमेकडे ओढला जात होता. मला अर्थ कळला नाही.

आईने नंतर मला एकदाच सांगितलं की तिकडे आत भिंत घुमायची थांबली होती. पाच वर्षं, दहा वर्षं, अठरा वर्षं घुमणारी भिंत एकाएकी गप्प झाली. मग तिने उशी सारून बाहेर बघितलं.

मला दिसलं ते एवढंच: पडद्याच्या पायथ्याचं दार उघडलं आणि आई बाहेर आली, रात्रीच्या झग्यात, वर बाबांचा कोट. ती मुलांपाशी गेली. काहीतरी बोलली, हात पूर्वेकडे केला. दोन-तीन मुली मोटारींकडे पळाल्या, बाकीची हसत राहिली, त्यांना टिली ठाऊक होती. मग ती घसरगुंडीची शिडी चढायला लागली. सातव्या महिन्याचं पोट घेऊन, एका हाताने कठडा धरून, एकेका पायरीवर थांबत. बारा फूट.

ती वर उभी राहिली आणि झोताच्या खालच्या कडेत आली. पडद्यावर नटीचा चेहरा होता, दोन मजल्यांएवढा, आणि त्याच्या हनुवटीखाली माझ्या आईची सावली. मुंगीएवढी. हात हलवत होती, पाठीमागे दाखवत होती.

तीन लांब भोंगे वाजले. हार्लन. तो पहिल्या रांगेत होता.

मग दुसरी मोटार, मग दहा, मग सगळ्या. दोनशे मोटारी, तीन लांब, थोडं थांबून पुन्हा तीन लांब. लोक पोट धरून हसत होते. आईची सावली हात हलवत होती आणि हॉर्न वाढत होते. जितकी ती जिवाच्या आकांताने हलवी तितके ते जोरात. आणि त्याच वेळी दोन मैलांवर गावातला सायरन वाजत होता. अग्निशामक दलाच्या माणसाने नंतर सांगितलं, अकरा मिनिटं वाजवला. आमच्यापर्यंत एक सूरही आला नाही. आम्ही तो आमच्याच हॉर्नखाली पुरला.

बाबा धाडकन खोलीत आले, चेहरा लाल. "तुझ्या आईला वेड लागलंय," ते म्हणाले. "मी तिला उतरवतो. चित्र बंद पडता कामा नये. ऐकलंस? काही झालं तरी." आणि ते पडद्याकडे पळाले.

मी एकटी राहिले. यंत्राची घरघर, गरम लोखंडाचा वास, बाहेर हॉर्न. छोट्या काचेतून बघत होते. मला शरम वाटत होती, खरं सांगते. आईला काही होईल यापेक्षा उद्या शाळेत काय तोंड दाखवू, हे आधी मनात आलं.

मग आईने हात हलवणं थांबवलं. मोटारींकडे बघायचंच सोडून दिलं. ती झोताकडे वळली, सरळ माझ्याकडे. झोतात बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, डोळे जळतात फक्त. तिने डोळे मिटले नाहीत. दोन्ही हात उचलले आणि छातीवर आडवे धरले.

बंद कर.

बाबांनी नाही म्हणून सांगितलं होतं. माझ्या आयुष्यात बाबांचा शब्द मी मोडला नव्हता. आई तशीच उभी. एक, दोन, तीन, किती वेळ कोण जाणे. मी झडप टाकली.

अंधार. हॉर्न दुप्पट झाले, आता राग होता त्यांत. आणि मग एकेक करून ते थांबत गेले. पुढच्या रांगेतून मागच्या रांगेकडे, कुणी हाताने पुसत आल्यासारखे. कारण उजेड गेल्यावर लोकांच्या डोळ्यांना आभाळ दिसायला लागलं होतं.

पडदा म्हणजे नुसता काळा चौकोन. त्याच्या भोवतीचं आभाळ हिरवं, सडक्या पाण्यासारखं. आणि डाव्या कडेला ते आभाळ फिरत्या काळ्या खांबासारखं जमिनीला टेकलं होतं. तो खांब सरकत नव्हता, एका जागी होता, नुसता रुंद होत होता. सरकत नाही म्हणजे तो आपल्याकडेच येतोय, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. शेवटचा हॉर्न थांबला तेव्हा सायरन ऐकू आला. इतका बारीक, इतका वेळ वाजत असलेला.

मी मायक्रोफोन हातात घेतला. माझा आवाज चारशे स्पीकरमधून आला, प्रत्येकाच्या कानाशी. मला ओरडायला जमलंच नाही, नुसती सांगत राहिले. मुलं उचला, पूर्वेच्या फाटकाने निघा, दक्षिणेला जाऊ नका. हेच पुन्हा पुन्हा. इंजिनं सुरू झाली. कुणी स्पीकर काढायला थांबलं नाही, तारा तटातट तुटल्या, आणि माझा आवाज एकेका मोटारीतून मरत गेला, ते मला खोलीत ऐकू येत होतं.

मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात घसरगुंडी दिसली. बाबा शिडीखाली उभे होते, मान मागे वळलेली. त्यांनीही आता बघितलं होतं. आईला शिडीने उतरता येईना, वारा तिचा कोट फाडत होता. ती घसरगुंडीवर बसली आणि सुटली. पोटावर दोन्ही हात. खाली ती ज्या तऱ्हेने आदळली ते मी तीनशे फुटांवरून बघितलं आणि माझ्या कमरेत कळ गेली.

बाबांनी तिला उचललं. चार मुलं अजून तिथेच होती, त्यांना आईबाप सापडले नव्हते. आईने त्यांना सोडलं नाही, बाबांच्या खांद्यावरून हात खाली करून त्यांना बोलावत राहिली. ते सगळे दुकानाच्या दारातून आत आले आणि आम्ही पॉपकॉर्नच्या कट्ट्याखाली एकमेकांवर पडलो. कान बंद झाले. छपराचे पत्रे गेले ते कळलंसुद्धा नाही, फक्त वरून थंड यायला लागलं. एक मुलगी माझ्या मानेत तोंड खुपसून देवाचं म्हणत होती, मधलाच एक शब्द, तोच तो. मग मोठा आवाज झाला, लाकडाचा. आम्ही जिथे राहत होतो ती भिंत पुढे वाकली आणि झोपाळ्यांवर, घसरगुंडीवर, पहिल्या चार रांगांवर सपाट झोपली. त्या रांगांत तेव्हा एकही मोटार नव्हती.

चाललं किती, तर मिनिटभर. उठल्यावर आई म्हणाली, "मोजा." आम्ही मुलं मोजली. चार. मग तिने पोटावर हात ठेवला. आतलं बाळ हलेनासं झालं होतं.

तिसऱ्या दिवशी इस्पितळात मुलगा झाला, मेलेला. त्या आठवड्यात वर्तमानपत्रात बाबांचा फोटो आला, पडलेल्या पडद्यापुढे. चित्र बंद करायचा निर्णय आपलाच होता, असं त्यांनी बातमीदाराला सांगितलं. मी शेजारीच होते. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. मी गप्प बसले, आई गप्प बसली, आणि ते खोटं मरेपर्यंत त्यांनी परत घेतलं नाही. हे आता फलकावर कोरणार आहेत.

बहात्तरच्या जुलैत मेडोलार्क पुन्हा सुरू झालं. नवा पडदा लोखंडी, त्यात कुणी राहत नव्हतं. आम्ही गावात तळघर असलेलं घर घेतलं होतं. पहिल्या दिवशी आईने यावं म्हणून बाबांनी गळ घातली, हार्लन टीगही घरी येऊन विनवून गेला. मी गाडी चालवत होते, आई शेजारी. फाटकातून आत शिरलो आणि दोनशे मोटारींनी एकदम हॉर्न वाजवले. तीन लांब, तीन लांब. या खेपेला चेष्टा नव्हती. हार्लन टोपी काढून उभा होता आणि ढसाढसा रडत होता. सगळं गाव आपल्या भाषेत तिला थँक यू म्हणत होतं.

आई सीटवरून खाली घसरली. पुढच्या बाजूला, पाय ठेवतो त्या जागेत, तिने अंग मुडपलं. दोन्ही हात पोटावर, रिकाम्या. झगा ओला झाला होता. ती मला म्हणत होती, "झडप टाक. आर्लिस, झडप टाक." मी गाडी तशीच मागे घेतली. ती पुन्हा तिथे कधी गेली नाही. पंच्याऐंशी साली मेडोलार्क बंद पडलं, लोखंडी पडदा भंगारात गेला.

हे सगळं मी जनीनला सांगितलं. ती म्हणाली, "डॅडी म्हणायचे, तिला फार आनंद झाला होता." हार्लनला मोटारीत वाकून बघता आलं नव्हतं, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला दोष देत नाही. जनीनला देईन, आता कळल्यावरही वाजवलात तर.

फलकावर हे लिहा: पूर्वसूचना मिळाली होती. ती ओटिली व्होंड्रा यांनी दिली. एक बळी गेला. त्याला नाव नाही, गावाच्या कबरस्तानात उत्तरेच्या कुंपणाशी दगड आहे, जाऊन बघा.

आणि हॉर्न वाजवू नका. गेल्या मंगळवारी वृद्धाश्रमाच्या दारात दुधाच्या ट्रकने एकदाच वाजवला. आई जेवत होती. चमचा पडला आणि दोन्ही हात पोटावर गेले. अर्धा तास मी ते हात सोडवू शकले नाही, एवढी ताकद आहे तिच्यात अजून.

समारंभाला मी येणार नाही. मी तिच्या खोलीत असेन. खोली तिने पश्चिमेचीच मागून घेतली, दिसत नसलं तरी. खिडकी घट्ट लावून घेईन, आणि तुम्ही काय ठरवलंत ते तिथूनच ऐकेन.